शेवटच्या कडव्यातलं नाव

हॅलो?… हॅलो, व्हय, राहाताच… जरा मोठ्यानं बोला… पेरूचं काम असंल तर मालक बागेत गेल्यात, सांजच्याला करा फोन… काय?… ट्रंक कॉल? पारनेरवरनं?… अवो, मीच मुक्ताबाई. पन मला कोन करतंय ट्रंक कॉल?… बरं, जोडा. जोडा की, मी काय पळून चाललेय का.

हॅलो?… कोन?… कोन विजयमाला?… अगं, विजू व्हय! सहादेव शाहिरांची विजू! मंग तसं सांग की. विजयमालाबाई म्हनल्यावर मला वाटलं कुनी मास्तरीनबाई हाय… काय म्हनतीस?… रडू नको आदी. रडत बोललं की ह्याच्यात निसती खरखर येती. एकच सांग मला. शाहीर हायेत ना?… हायेत. हायेत ना गं?… हां. मंग पूस डोळे आनि बोल.

कवापास्नं?… आठ दिस! आनि आज कळवतीस? एक कार्ड टाकायचं की, बये. मी आले असते उठून… डॉक्टर काय म्हनतो?… वयाचं म्हनतो. ते मला बी कळतंय, त्याला डॉक्टर कशाला पायजे… तू दवाखान्यातनंच बोलतीस व्हय?… शेजारच्या खोलीत हायेत. बरं हाय. पोटात काय जातंय का?… पेज? अगं, पेज नको देऊ त्यांना, पेजेचा त्यांना जन्माचा कंटाळा. भाकरी दुधात कुस्करून दे, वरनं गुळाचा खडा… व्हय गं, दूध कुठलं म्हना यंदा. आमच्या बी विहिरीनं तळ दाखवलाय.

मला कसं ठावं?… पोरी, तुझ्या आण्णांचं मला काय ठावं न्हाई ते विचार! नऊ वर्साची हुते मी. आमच्या अळकुटीला चावडीम्होरं त्यांचा फड लागला. बायांनी खाली बसायची पद्धत न्हाई, म्हनून आमी सगळ्याजनी वर, घराच्या धाब्यावर. मी शेंगा खात बसले हुते. त्यांनी डफ उचलला, पयला सूर लावला, आनि माझ्या हातातली शेंग हातातच ऱ्हायली. घरी आले तरी मुठीत तशीच. आई म्हनली, ह्या पोरीला काय झालं. काय झालं ते मला तरी कुठं ठावं हुतं… ऐक ना. चौथीपतोर शिकले हुते. दुसऱ्या दिशी पाटीवर सगळं कवन जसंच्या तसं उतरवलं. तवापास्नं एक जत्रा चुकवली न्हाई. सासरी आल्यावर बी, चैत्रात माहेरी जानार म्हंजी जानार. मालक म्हनायचे, माहेराला चाललीस का शाहिराला? मी म्हनायची, दोनी येकच.

हां… हां, बोल. माझंच लांबलं… वह्या? हायेत की. सात वह्या हायेत. तुझे आण्णा उभ्या उभ्या रचायचे आनि सकाळी इसरून जायचे. मी धाब्यावर बसून पाठ करायची आनि घरी जाऊन लिवायची. कंचं गाव, कंची जत्रा, साल, समदं. त्यांनी एकदा कार्ड धाडलं हुतं, कुनाकडनं तरी लिवून घेऊन. 'बाई, तुमच्या वहीत मी जिता हाय.' देवाच्या फोटोमागं ठिवलंय मी ते… कंच्या कवनाचं बघू?

…

न्हाई, हाय मी. ऐकतेय. फोन न्हाई तुटला. बोल.

'रिता पाळना.' व्हय. त्याचं काय?… कवा केलं? कुनासाठी? हे कशाला आनि आता?… विजू, आजारी मानसाला कुनी असलं विचारायला लावतंय का? म्हनावं, गप पडा… तेच विचारतायत? सारखं?… बरं. थांब. वही बघून सांगते. धर जरा.

…

हॅलो. हां, घावलं. तीस साल… न्हाई, एकतीस. निघोजची जत्रा. तिथंच उभ्या उभ्या केलं, एका बाईचं लेकरू गेलं हुतं तिच्यासाठी. सांग त्यांना जाऊन. आनि म्हनावं, आता डोळे मिटा… हां, जा. मी हाय हितंच.

…

कोन? बाई, तुमी मधीच बोलू नका. तीन मिनटं झाली तर झाली. चालू ठेवा… व्हय, पारनेरवाली बी चालूच ठेव म्हनंल, विचारा तिला.

हां, विजू. काय म्हनाले?… एकतीस साली ते निघोजला गेलेच न्हाईत?… पाय मोडला हुता. अरे देवा. व्हय, व्हय गं. बैलगाडीवरनं पडले हुते. वर्सभर घरात, अंगात ताप. इसरलेच मी. असंल, दुसऱ्या कंच्या तरी जत्रेत असंल. माझीच वही चुकली… माझी वही चुकत न्हाई म्हनाले?

काय म्हनाले, नीट सांग. सबूद न सबूद सांग.

…हां. परत जत्रेला गेले, तर लोक वरडायला लागले, 'रिता पाळना' म्हना, 'रिता पाळना' म्हना. ह्यांना कायच आठवंना. एका म्हाताऱ्यानं म्हनून दाखवलं. शेवटच्या कडव्यात नाव सहादेवाचं. मंग ह्यांना वाटलं, आपुनच केलं असंल तापात… बराबर. तसंच झालं हुतं.

आनि आता?… 'तापात मानूस दुसऱ्याचं दुःख कसं रचील?' असं म्हनाले?… 'गेली चाळीस वर्सं म्हनतोय, पन त्या कवनातली पोर माझी न्हाई.' असं.

बरोबरच हाय त्यांचं. त्यांच्या घरात तवा तू रांगत हुतीस की.

काय?… कोन येतंय?… हळू बोल, एवढ्यानं बोलू नको आता. कंची पोर?… दवाखान्यात कुनाची असंल. पेशंटची असंल… कुनालाच दिसत न्हाई?… निस्तं त्यांनाच. कवा येती?… रोज. खाटंच्या पायथ्याशी उभी ऱ्हाती… विजू, औषधानं हुतंय असं. डॉक्टरला सांग… काय बोलती का ती?

…परत सांग.

परत सांग विजू, मला ऐकू न्हाई आलं… 'तुमीच म्हनला हुता, माझं नाव घे म्हनून.' असं म्हनती?

आई गं.

न्हाई… काय न्हाई. बसते जरा. उभी हुते… हाय, हाय. ऐक, तुला आठवतंय ना ते शेवटचं कडवं? तुला आठवतंय ना? म्हन बरं… म्हन, लाजू नको, म्हन…

'बिननावाची लेक दारोदारी जाई,
सहादेव म्हने, माझं नाव घे गं बाई.'

व्हय. तेच.

विजू, फोनची तार कुठवर पोचतीये? त्यांच्या खाटंपतोर?… मंग खाट सरकवा. दोघंजन धरा, पन सरकवा. मला त्यांच्याशी बोलायचंय… न्हाई, तुला सांगून न्हाई भागायचं. त्यांच्या कानाला लाव… काय बी विचारू नको आता, पोरी. लाव.

…

शाहीर?

शाहीर, मी राहात्याची मुक्ता. मुक्ताबाई, वह्यावाली… रामराम… न्हाई, तुमी बोलू नका, दम लागतोय. मी बोलते. आजपतोर तुमच्याशी एक सबूद बोलले न्हाई मी. पन्नास वर्सं झाली ऐकतेय. धाब्यावरनं, गाडीच्या आडनं, देवळाच्या मागनं. दर साली पत्र लिवलं, पन सामनी येऊन उभी ऱ्हायले न्हाई कवा. आज फोन मधी हाय म्हनून बोलतेय.

ते कवन तुमचं न्हाई.

व्हय. तुमी बरोबर वळखलं. ते माझं हाय… ऐका ना. सतरा वर्साची हुते. पयली खेप, म्हनून माहेरी, अळकुटीला. मुलगी झाली. बाराव्या दिशी बारसं धरलं हुतं. अकराव्या दिशी सकाळी हरभरे भिजत घातले घुगऱ्याला, आनि दुपारी ती गेली. ताप न्हाई, काय न्हाई. दूध पीत पीत गेली… माझी ननंद, छबूबाई, राहात्यावरनं निघाली हुती बारशाला. नाव आत्यानं ठेवायचं ना. तिला वाटंतच निरोप मिळाला, ती तशीच माघारी फिरली. काय नाव आनलं हुतं तिनं, कवा बोलली न्हाई. मी बी विचारलं न्हाई. आता ती बी न्हाई.

बिननावाची पुरली, शाहीर. ओढ्याच्या कडंला. कुनी मला रडू दिलं न्हाई. म्हनले, पोरगीच तर हुती, फुडं रगड हुतील. भिजलेले हरभरे म्हशीला घातले. मंग मी काय करू? मला दुसरं काय येत हुतं? तुमची चाल तेवढी येत हुती. तुमच्या चालीवर जात्यापाशी बसून रचलं.

'अकराव्या दिशी रिता झाला पाळना,
घुगऱ्या भिजल्या, आता वाटू कुना?'

म्हनत गेले, म्हनत गेले, आनि शेवटचं कडवं आलं. शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव पायजे. न्हाईतर ते कवन बेवारस. तुमीच सांगायचा ना सभेत, छाप न्हाई त्याला बाप न्हाई! मंग कुनाचं नाव घालू? बाईनं आपलं नाव कवनात घालायचं कुनी ऐकलंय? मला कवनाचा मालक म्हनून एकच मानूस ठावं. तुमचं घातलं. तुमच्या तोंडून तिला सांगितलं, माझं नाव घे. तुमाला न विचारता.

भावजयीनं उचललं, तिच्याकडनं पान्यावरच्या बायांनी. तुमी घरी पडून हुता, लोकास्नी वाटलं शाहिरानं पडल्या पडल्या केलं. फुडल्या साली तुमी जत्रेत डफ उचलला आनि तेच म्हनलं. मी वर धाब्यावर हुते. शाहीर, काय सांगू तुमाला… मला वाटलं, झालं, आज माझ्या लेकीचं बारसं झालं. एवढी मानसं, दिवट्या, आनि तुमचा आवाज. मंग मी कशाला सांगू ते तुमचं न्हाई म्हनून? मी गप बसले.

…काय म्हनता?… न्हाई. न्हाई, चोरी तुमी न्हाई केली, मी केली. तुमचं तोंड चोरलं… शाहीर, असं नका म्हनू. सगळ्यांत चांगलं कवन तेच, असं काय न्हाई. माझ्या वहीत तीनशेवर कवनं हायेत तुमची. ती हायेत म्हनून हे आलं… लोक तेच मागतात. मागू द्या! लोकास्नी काय कळतंय. त्याच्यात जे बरं हाय ते समदं तुमच्याकडनं घेतलेलं हाय, माझं निस्तं रडं हाय… तुमाला वाईट वाटलं. माझं चुकलं. आता सांगायचं न्हवतं. पन तुमचा जीव अडकलाय म्हनली विजू, मंग मी कशी गप बसू?… रडू नका हो. तुमी रडलेलं मला न्हाई ऐकवत. मी घरात ते कवन म्हनलं की माझे मालक उठून बाहेर जायचे. दरवेळी. मला वाटायचं, ह्यांना आवडत न्हाई. लई वर्सांनी कळलं, भिंतीकडं तोंड करून उभे ऱ्हायचे.

कोन?… चालू ठेवा बाई. पाया पडते, चालू ठेवा.

शाहीर?… हॅलो?… हायेत ना तुमी?… हां. दम घ्या.

काय?… आता?… आता बी उभी हाय? अवो, भर दुपार हाय… पायथ्याशी. तुमच्याकडं बघती?… न्हाई? मंग?… फोनकडं बघती.

…

शाहीर, केवढी हाय ती?

न्हाई, मला भ्या न्हाई वाटत. केवढी हाय सांगा. तान्ही न्हाई?… सात-आठ वर्सांची. चालती… मी तिला अकरा दिस बघितलं. अकरा दिसांचं लेकरू कसलं, निस्तं गाठोडं. तोंड कुनावर गेलंय ते बी कळलं न्हवतं. कुनावर गेलंय?… अवो, तुमी मला सामनी कुठं बघितलंय सांगायला… बरं. केस कसे हायेत? वेनी हाय?… मोकळे. कोन घालनार वेनी तिला. चाळीस वर्सं… अंगात काय हाय? परकर?… पायात काय न्हाई. असू द्या.

काय म्हनती?… ओठ हलतायत? मंग ऐका ना काय म्हनती! वाकून ऐका… शाहीर, तुमच्या पाया पडते, ऐका…

घर कुठं हाय, म्हनती?

व्हय की. तिला कसं ठावं असंल? माहेरी झाली, माहेरीच ठिवली. मी एकटी आले राहात्याला मोकळ्या वटीनं. तिनं हे घर बघितलंच न्हाई. ती आपली तिकडंच, पारनेरच्या मुलखात दारोदार. ज्यानं नाव दिलं त्याच्याच दारात जानार ना लेकरू. आनि मी हितं दोन पोरं वाढवली, सुना आनल्या, आनि एक दिस म्हनले न्हाई, की बाई, तू ये.

शाहीर, तिला सांगा. तुमचं ऐकती ती. सांगा, तुझी आई राहात्याला हाय. हे तुझं घर न्हाई, शाहिरांना त्रास देऊ नको, आईकडं जा… म्हना. मोठ्यानं म्हना… म्हनलात? मला न्हाई ऐकू आलं, तोंड फोनपाशी ठेवून म्हना… हां. हां. बघा, तुमचा आवाज हाय तसाच हाय.

मान हलवली? निघती म्हनती?… थांबवा! थांब म्हनावं, वाट सांगते. चुकंल ना ती. मी सांगते तसं तिला सांगत जावा, सावकाश. पारनेरच्या ष्टँडावर नगरची गाडी लागती. तिच्यात बसायचं, खिडकीपाशी. सुप्याला उतरायचं न्हाई… सांगितलं?… नगरला उतरायचं. तिथं लई मानसं, लई गलका. कुनाचं बोट धरून जाऊ नको म्हनावं. कोपरगावची गाडी इचारायची, आनि… इचारनार कशी? तिचं कोन ऐकनार?… न्हाई, मंग असं करा. गाडी नगं, चालतच यायचं. नगरपास्नं सडक धरायची, मनमाडच्या बाजूची. दुष्काळी काम चालू हाय, सडकंला बाया खडी फोडत बसल्या असतील, त्यांच्या कडंकडंनं यायचं. मंग राहुरी… हां, राहुरी. तिथं थांबायचं न्हाई, फुडं यायचं. मंग कोल्हार. तिथं नदी हाय, प्रवरा. मोठा पूल हाय. पूल बघून भिऊ नको म्हनावं. खाली पानी न्हाई यंदा, निस्ते दगड हायेत. कठड्याला धरून ये म्हनावं, एकेक पाऊल टाकत… सांगितलं? काय म्हनली?… आली पुलावर?… शाब्बास गं माझी बाय. आता म्हनावं, पूल संपला की…

हॅलो?

शाहीर?… विजू?… हॅलो?

हॅलो, हॅलो… कोन, बाई तुमी हाय का?… अवो, लाइन गेली. परत जोडा… पारनेर, पारनेर जोडा… दोन तास लागतील? दोन तास कसे लागतील!… मी काय सांगते ऐका जरा. लेकरू पुलावर उभं हाय, बाई. फुडची वाट सांगायची ऱ्हायलीय.